माणूस रवाना करण्यापूर्वी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते कारखानदार होते. म्हणून आज विषयही कारखान्यातलाच घेतला आहे, फक्त कारखान्यात ज्यावर फारसं बोललं जात नाही असा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यातून कास्टिंग आणि यंत्रांचे भाग आज जगभर जातात. एक खोकं बंदरावर पोचेपर्यंत त्याच्यासोबत किती कागद तयार होतात, हे तुम्हाला सांगायला नको. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, लाकडाच्या धुरीकरणाचा दाखला, रवानगीपूर्व तपासणी, सागरी विमा. पाणी लागलं तर कुणाची जबाबदारी आणि जहाज बुडालं तर कुणाची, हेसुद्धा आधी लिहिलेलं असतं. मग तो माल बसवून द्यायला, नाहीतर तक्रार आली म्हणून बघायला, एक माणूस जातो. बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतला सर्व्हिस इंजिनिअर किंवा हात बसलेला फिटर. त्याच्याजवळ तिकीट, व्हिसा, सगळ्यात स्वस्त मिळालेलं हॉटेल आणि एजंटने तिकिटाबरोबर काढून दिलेला प्रवासविमा असतो. त्या विम्यात काय वगळलं आहे, हे ना तो वाचतो, ना त्याला पाठवणारा.

पाठवण्यापूर्वी एक प्रश्न मात्र हमखास विचारला जातो: "तो देश सेफ आहे ना?" मला वाटतं, घोटाळा या प्रश्नातच आहे. माणूस देशात राहत नाही. तो एका शहराच्या एका भागात, एका इमारतीत, एका मजल्यावर राहतो आणि ठरावीक रस्त्याने ठरावीक वेळी ये-जा करतो. जोखीम मोजायची ती या मापाने. एकाच शहराचं उदाहरण घेऊन मी हे मांडणार आहे, ते शहर इस्तंबूल. गेल्या काही काळात भारत आणि तुर्कस्तान यांच्या संबंधांत ताण आला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी इस्तंबूल, बुर्सा, गाझियानतेप ही नावं आपल्या यंत्रवाल्यांना आणि कापडवाल्यांना अनोळखी नाहीत. शिवाय निसर्गाचा धोका आणि माणसाने निर्माण केलेला धोका, हे दोन्ही एकाच ठिकाणी इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतात.

तुर्कस्तानच्या उत्तरेला उत्तर अनातोलिया भ्रंश नावाची जमिनीतली फट पूर्व-पश्चिम धावते. १९३९ साली तिच्या पूर्वेकडच्या एर्झिंजानला मोठा भूकंप झाला. त्यानंतर १९४२, १९४३, १९४४ असे एकामागून एक धक्के बसत गेले आणि भूकंपाचं ठिकाण ढोबळमानाने पश्चिमेकडे, म्हणजे इस्तंबूलच्या दिशेने, सरकत राहिलं. एक तुकडा सरकला की त्याचा ताण शेजारच्या तुकड्यावर पडतो. आयकुत बार्का हे तुर्की भूवैज्ञानिक, रॉस स्टाइन आणि जेम्स डीटरिख यांनी १९९७ साली हाच ताण मोजून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ताण वाढलेल्या जागांत त्यांनी इझमित या बंदराजवळची जागा दाखवली होती. १७ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे तीन वाजून दोन मिनिटांनी इझमितला भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार सतरा हजारांहून अधिक माणसं गेली.

इझमितच्या पश्चिमेला मार्मारा समुद्राच्या तळाशी त्याच फटीचा पुढचा तुकडा आहे. इस्तंबूलच्या दक्षिण किनाऱ्यापासून तो वीसेक किलोमीटरवर येतो. १७६६ सालानंतर तो मोठ्या प्रमाणावर सरकलेला नाही. पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली हिशेब मांडला, की पुढच्या तीस वर्षांत इस्तंबूलला जोरदार हादरा बसण्याची शक्यता ६२ टक्के आहे, त्यात १५ टक्के इकडे-तिकडे.

हा आकडा ऐकून दोन तऱ्हेची माणसं दोन चुकीच्या गोष्टी करतात. एक म्हणतो, बासष्ट टक्के, मग जायलाच नको. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं झाला नाही, मग आपल्याच चार दिवसांत कशाला होईल? जरा गणित करू. तीस वर्षांत ६२ टक्के म्हणजे वर्षाला साधारण तीन टक्के. चार दिवसांच्या मुक्कामापुरतं बघितलं तर अडीच-तीन हजारांत एक. हा आकडा जाणं रद्द करण्याइतका मोठा नाही, पण एखाद्या कंपनीची माणसं दहा-वीस वर्षं तिथे जातच राहणार असतील, तर सोडून देण्याइतका लहानही नाही. भूकंप कधी होणार, हे आपल्या हातात नाही. झाला तर आपला माणूस कुठल्या छताखाली असेल, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

मी स्थापत्य अभियंता. किल्लारीच्या भूकंपानंतर पडलेल्या घरांची पाहणी करायला गेलेल्यांपैकी एक. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक थकून झोपले होते आणि मातीत रचलेल्या जड दगडी भिंती त्यांच्यावर आल्या. तोवर त्या भागाला भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजलं जात होतं. तेव्हापासून भूकंपाच्या नकाशावरचा फिका रंग बघून मी कधी निश्चिंत झालो नाही, आणि भूकंपाची बातमी आली की आधी घड्याळ बघतो. किल्लारी ३:५६. इझमित ३:०२. ६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तानातल्या कहरामनमराशचा भूकंप ४:१७. अशा वेळी प्रवासाला गेलेला माणूस कारखान्यात नसतो, ग्राहकाच्या ऑफिसात नसतो. तो हॉटेलच्या पलंगावर असतो. म्हणून सगळ्या तयारीत हॉटेलची निवड हा मला सर्वांत वजनदार निर्णय वाटतो, आणि आपल्याकडे तो भाडं बघून घेतला जातो.

२०२३ च्या त्या भूकंपात अदियामान शहरातलं इसियास नावाचं चार ताऱ्यांचं हॉटेल कोसळून ७२ जण मेले. त्यात उत्तर सायप्रसहून व्हॉलीबॉल खेळायला आलेली शाळेतली मुलं आणि त्यांची शिक्षक-पालक मंडळी होती. काँक्रीटमध्ये नदीची वाळू-खडी होती आणि इमारतीत बेकायदा बदल केले होते, असं पुढे आलं. २०२४ च्या डिसेंबरात न्यायालयाने हॉटेलमालकाला तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. मालत्या शहरात हॉटेलच्याच ढिगाऱ्याखाली एक भारतीय गेला, कंपनीच्या कामासाठी गेलेला. या सभागृहातल्या कुठल्याही कारखान्यातून गेलेला मुलगा तो असू शकला असता. दुसरीकडे, कहरामनमराशमध्ये आजूबाजूच्या इमारती जमीनदोस्त झाल्या असताना स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेची इमारत उभी राहिली. जमीन तीच, हादरा तोच.

हॉटेलला किती तारे आहेत, त्यावरून खांबात किती लोखंड आहे ते कळत नाही. मग कशावरून कळतं? पूर्ण खात्री बाहेरच्या माणसाला कधीच होणार नाही, पण अंदाज बांधता येतो. तुर्कस्तानात पहिला प्रश्न बांधकामाच्या सालाचा. १९९९ च्या आधीची इमारत असेल, तर तिथले लोक स्वतःच्या घराबद्दलसुद्धा साशंक असतात. त्या काळी जागेवर कालवलेलं काँक्रीट आणि गुळगुळीत सळ्या सर्रास वापरत. २००० नंतर तयार काँक्रीट, कंगोरेदार सळ्या आणि बांधकामावर तपासणीचा कायदा आला. २०१९ पासून नवी भूकंपसंहिता लागू आहे. पण साल नवं म्हणून सगळं सुरळीत, असंही नाही. २०१८ च्या निवडणुकीच्या सुमारास सरकारने शुल्क घेऊन बेकायदा बांधकामं कायम केली होती. म्हणून दुसरी नजर तळमजल्यावर टाकायची. खाली मोठं दुकान किंवा काचेची शोरूम, खांब विरळ, आणि वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, अशी इमारत दिसली की दुसरं हॉटेल शोधावं. हे सगळं इंटरनेटवरच्या रस्त्यांच्या चित्रांत घरबसल्या बघता येतं. आणि हॉटेलला सरळ पत्र लिहून विचारावं, की इमारत कुठल्या साली बांधली आणि भूकंपाच्या दृष्टीने तपासली आहे का. इस्तंबूलमध्ये हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही. उत्तर टाळणारं हॉटेल मी सोडून देतो.

जमिनीचंही तसंच. १९९९ साली भूकंपाचं केंद्र इस्तंबूलपासून बरंच लांब होतं, तरी शहराच्या पश्चिम टोकाच्या अव्जिलार भागात इमारती कोसळून शेकडो माणसं मेली, कारण खालची जमीन मऊ आणि वरचं बांधकाम कच्चं. उत्तरेकडच्या उंच भागात खडक कठीण आहे. दक्षिण किनाऱ्यालगत स्वस्त हॉटेल आणि उत्तरेला थोडं महाग, यातला फरक रात्रीमागे दोन-तीन हजार रुपयांचा असेल, तर तो भरावा.

आणखी एक. २३ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी सिलिव्रीसमोरच्या समुद्रात ६.२ चा भूकंप झाला. शहरात मोठी पडझड झाली नाही, पण घाबरून उड्या मारल्यामुळे आणि पळापळीत दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. फोन लागेनात. लोकांनी रात्र बागांमध्ये काढली. तेव्हा आपल्या माणसाला जाण्यापूर्वी एवढं तरी पक्कं ठाऊक हवं: हादरा सुरू असताना खिडकीकडे किंवा जिन्याकडे धावायचं नाही, डोकं झाकून भक्कम टेबलाखाली बसायचं, आणि थांबल्यावर लिफ्ट न वापरता मोकळ्या जागेत जायचं. फोन लागला नाही तरी एक एसएमएस पाठवून ठेवायचा, तो उशिरा का होईना बहुधा जातो. घरच्यांना आणि कंपनीला कळवण्याचं काम एकाच व्यक्तीकडे असावं. सगळ्यांनी सगळ्यांना फोन लावले की कुणाचाच लागत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचा धोका. भूकंप वेळ सांगत नाही, पण किल्लारीसारखे अपवाद सोडले तर जागा आधीपासून दाखवतो. राजकीय हिंसेचं मला याच्या उलट दिसतं. ती नेमकी कुठे फुटेल हे कळत नाही, पण काळ जवळ येतोय याच्या खुणा बहुधा दिसतात. इस्तंबूलचंच २०१६ साल आठवा. जानेवारीत सुलतानाहमेत चौकात पर्यटकांवर हल्ला झाला. २८ जूनला अतातुर्क विमानतळावर आत्मघातकी हल्ला होऊन चाळीसहून अधिक लोक मेले. १५ जुलैच्या रात्री लष्करातल्या एका गटाने उठाव केला, शहराचे युरोपीय आणि आशियाई भाग जोडणारे बॉस्फरस सामुद्रधुनीवरचे दोन पूल अडवले, विमानं थांबली. नवं वर्ष लागून जेमतेम सव्वा तास झाला असताना रेना नाइटक्लबमध्ये गोळीबार झाला. तिथे मेलेल्या ३९ जणांत दोन भारतीय होते, त्यातला एक मुंबईचा.

त्या जुलैच्या रात्री ज्याचं हॉटेल युरोपच्या बाजूला आणि काम आशियाच्या बाजूला होतं, त्याच्यासाठी ते पूल हाच सगळा प्रश्न होता. नकाशावर हे अंतर काहीच नाही. आज पाण्याखालून रेल्वे आहे, मोटारींचा बोगदा आहे, तिसरा पूलही झाला आहे, तरी माझा आग्रह असतो की मुक्काम आणि काम पाण्याच्या एकाच काठावर असावं. शक्य झालं तर परतीचं विमानही त्याच काठावरून. आशियाच्या बाजूला साबिहा गोक्चेन विमानतळ आहेच, आणि त्याची इमारत भूकंपरोधक बेअरिंगांवर उभी केलेली आहे. त्याच बाजूच्या गेब्झेतल्या कारखान्यात ज्याचं काम आहे, त्याने चौकशी करताना एवढं बघावं.

खुणा दिसत होत्या, पण त्या मनावर घेतल्या गेल्या नाहीत, याची दोन उदाहरणं आपल्या लोकांच्या अंगाशी आलेली आहेत. कीवमधल्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी सूचना काढली, की ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी तूर्त निघावं. २४ तारखेला हल्ला झाला आणि हवाईहद्द बंद झाली. मधले नऊ दिवस विमानं उडत होती. दुसरं सुदानचं. तिथे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात काही दिवस धुसफूस उघडपणे चालू होती. १५ एप्रिल २०२३ च्या सकाळी खार्टूममध्ये लढाई पेटली आणि पहिल्याच दिवशी विमानतळ तिच्यात सापडला. परतीचं तिकीट खिशात असून उपयोग नव्हता. खार्टूमहून लाल समुद्रावरच्या पोर्ट सुदानपर्यंत शेकडो किलोमीटर रस्त्याने जायचं आणि तिथून जेद्दाह. ऑपरेशन कावेरीत या वाटेने तीन हजारांहून अधिक भारतीय परतले. म्हणून कुठेही माणूस पाठवताना माझा एक प्रश्न असतो: विमानतळ बंद झाला तर बाहेर पडायची दुसरी वाट कुठली, आणि त्यासाठी कोणता व्हिसा लागेल? दुसरी वाट नसेल आणि खुणा वाईट असतील, तर काम महिनाभर पुढे ढकलावं. पोचल्यावर दूतावासात नाव नोंदवावं. फुकट असतं, दहा मिनिटं लागतात, आणि आपली माणसं कंटाळा करतात.

हॉटेलच्या दारावर तपासणी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जकार्ताच्या जेडब्ल्यू मॅरिएटवर २००३ मध्ये गाडीतून बॉम्ब आला, तेव्हा तपासणी कडक झाली. १७ जुलै २००९ रोजी हल्लेखोर तिथेच खोली घेऊन राहिलेला निघाला आणि बॉम्ब फुटला तो उद्योजकांच्या न्याहारीच्या बैठकीत. हल्ल्याची भीती असलेल्या शहरात मी पोर्चच्या वरची आणि रस्त्यासमोरची खोली टाळायला सांगतो. आगीसाठी सांगितलं जातं की फार वर राहू नका, कारण अग्निशामक शिडी ठरावीक उंचीपर्यंतच पोचते. १९८० साली लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये आग खाली होती, पण मेलेल्या ८५ जणांतले बरेचसे वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले. त्सुनामीच्या किनाऱ्यावर हाच सल्ला उलटतो, तिथे वरचा मजला बरा. एकच नियम सगळीकडे चालत नाही. त्या शहरात सर्वांत संभवनीय काय, हे ठरवून खोली मागावी.

हे ठरवायचं कसं, यावर मोठमोठे अहवाल विकत मिळतात. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. परदेशी कंपनीचा माणूस जुलैत मुंबईला येत असेल, तर त्याच्या अहवालात पावसाळ्यात पूर येतो एवढं एक वाक्य असेल. आपण त्याला काय सांगू? मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर हिंदमाता आणि मिलन सबवेकडे फिरकू नका, त्या दिवशी विमानासाठी चार तास आधी निघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून भरतीचं वेळापत्रक मुंबईकराला तोंडपाठ असतं. अशी माहिती तिथे राहणाऱ्यालाच असते. तुमचा इस्तंबूलचा ग्राहक, त्याच्या ऑफिसात निरोपांची ने-आण करणारा पोऱ्या, तिथे स्थायिक झालेलं एखादं मराठी कुटुंब, यांना विचारावं. तुम्ही तुमच्या मुलाला कुठल्या भागात ठेवाल, असा प्रश्न केला की माणसं मनापासून सांगतात.

आणि रस्ता. इझमितचा धोका दोन वर्षं आधी दाखवणारे आयकुत बार्का भूकंपात गेले नाहीत. रस्त्यावरच्या अपघातानंतर २००२ साली त्यांचा मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे अकरा लाख नव्वद हजार माणसं रस्त्यावर मरतात. बॉम्ब आणि भूकंप यांच्यापुढे आपण हे विसरतो. रात्री एकला उतरून तीनशे किलोमीटरवरच्या कारखान्याकडे टॅक्सीने निघायचं, असा कार्यक्रम कुणीही आखू नये. एक रात्र विमानतळाजवळ झोपू द्या. मागच्या सीटवरही पट्टा लावायला सांगा.

हे सगळं करायचं कुणी? जाणाऱ्याने, असं आपण गृहीत धरतो. पण जाणारा मुलगा नवा असतो, पहिल्यांदा विमानात बसणार असतो, घरी सगळ्यांना सांगून बसलेला असतो. मालकाला, किंवा त्याच्याहून अवघड म्हणजे मॅनेजरला, हे हॉटेल नको किंवा आत्ता जायला नको, असं सांगण्याची त्याची टाप नसते. २०१५ साली ओस्लोच्या न्यायालयात नॉर्वेच्या एका मदतसंस्थेविरुद्धचा खटला निकाली निघाला. २०१२ साली केनियातल्या ददाबच्या निर्वासित छावणीत तिच्या ताफ्यावर हल्ला झाला होता आणि कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं होतं. धोका ठाऊक असून पुरेशी काळजी घेतली नाही, हा संस्थेचा घोर निष्काळजीपणा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. २०२१ मध्ये प्रवासातल्या जोखमीच्या व्यवस्थापनावर आयएसओने ३१०३० क्रमांकाचं मार्गदर्शक मानक काढलं. त्याचाही रोख पाठवणाऱ्या संस्थेवर आहे. आपण निर्यातीसाठी कितीतरी आयएसओ मानकं भिंतीवर लावली आहेत. हेही वाचावं.

छोट्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून उद्योजकांच्या संघटनेकडे दोन गोष्टी मागतो. पहिली अशी, की परदेशी जाणाऱ्याला न जाण्याचा किंवा हॉटेल बदलण्याचा हक्क लेखी द्यावा, आणि तो वापरला म्हणून त्याची बढती अडणार नाही, हेही त्याच कागदावर असावं. दुसरी अशी, की परत आलेल्या प्रत्येकाने अर्ध्या पानाचं टिपण संघटनेच्या कचेरीत द्यावं: हॉटेलचं नाव, बांधकामाचं साल कळलं असेल तर ते, तळमजल्याचा आणि जिन्याचा एकेक फोटो, विमानतळापासूनचा रस्ता कसा होता, रात्री फोन लागत होता का. पुढे जाणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी ते बघावं. इमारतींचे फोटो बघून मत देण्याचं काम मी आणि माझे दोन अभियंता मित्र बिनमोबदला करू. सभा संपल्यावर कचेरीतल्या मंडळींकडे आमचे फोन नंबर देऊन ठेवतो. ज्यांचं कुणी येत्या महिन्यात निघणार असेल, त्यांनी हॉटेलचं नाव आजच सांगावं.